डीजेचा सेट घ्यायच्या आधी हा डबा बनवून बघा

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या पोरांकडून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, सांगू? "सर, डीजेचा सेट घेऊ का? कर्ज मिळतंय." बेल्हे, आळेफाटा, ओतूर, मंचर, गाव कुठलंही असो, प्रश्न हाच. माझं उत्तर या लेखात सविस्तर देतोय, कारण व्हिडिओत दहा मिनिटांत ते बसलं नाही. उत्तर असं आहे की आवाजाच्या धंद्यात जरूर या, पण पाच लाखांच्या दाराने येऊ नका. एका छोट्या डब्यापासून सुरुवात करा. त्या डब्याला स्पीकर सिलेक्टर म्हणतात. एकाच अँप्लिफायरवर चार खोल्यांतले स्पीकर चालवायचे, हवा तो चालू, नको तो बंद, आणि प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचा, एवढंच त्याचं काम.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डब्यात काय धंदा? थांबा जरा. आधी डीजेचं गणित बघू.

पाच लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण १६,६०० रुपये. हा हप्ता बाराही महिने येतो. लग्नाच्या तिथी मात्र बारा महिने नसतात. आषाढात देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत मंगल कार्यालयं रिकामी. मधे गणपती आणि नवरात्र, पुढे चैत्रात यात्रा-जत्रा. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने काम आणि बारा महिने हप्ता. त्यात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. शाळा, दवाखाना, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. ज्या धंद्याचा माल जितका चांगला वाजेल तितकी केस व्हायची शक्यता वाढते, तो धंदा पहिला धंदा म्हणून घ्यावा का, हे तुम्हीच ठरवा. मी तरी नको म्हणेन. ज्यांचा आधीच जम बसलाय, त्यांची गोष्ट वेगळी.

आणि दुसरी एक गोष्ट कोणी बोलत नाही. पहिल्याच दिवशी दहा हजार वॅटच्या सेटवर शिकायला बसलं की चुकीची किंमत दहा हजार वॅटची असते.

आपल्या भागात हे लागतं कुणाला?

शहरातल्या चॅनलवर दाखवतात ते थ्री बीएचके आणि होम थिएटर डोक्यातून काढून टाका. आपल्याकडचं घर बघा. बेल्ह्याच्या आजूबाजूला अर्धी वस्ती गावठाणात नाही, मळ्यात आहे. मळ्यातला बंगला म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, पुढे ओटा, बाजूला गोठा, मागे कांद्याची चाळ नाहीतर पॅकिंगची शेड. धार काढताना गोठ्यात गाणी लावणारे कितीतरी शेतकरी तुमच्या ओळखीचे असतील. चाळीत कांदा निवडायला बायका बसल्या की रेडिओ लागतोच. हॉलमध्ये आजोबांना सकाळी हरिपाठ पाहिजे, आणि त्याच वेळी पोरगं आतल्या खोलीत बारावीचा अभ्यास करतंय. आज काय करतात? प्रत्येक ठिकाणी एक वेगळा स्वस्त ब्लूटूथ स्पीकर. दोन वर्षांत त्याची बॅटरी जाते, आणि गोठ्यातला तर धुळीने सहा महिन्यांत बसतो. एक बरा अँप्लिफायर हॉलमध्ये ठेवा, चार ठिकाणी साधे स्पीकर लावा, मधे हा डबा. झालं काम.

घर सोडा. कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं बघा. फॅमिली सेक्शन वेगळा, बाहेरचं अंगण वेगळं, काउंटर वेगळा. मालक एकच आवाज सगळीकडे ठेवतो. फॅमिलीला मोठा होतो आणि बाहेर ऐकू येत नाही. ओझर, लेण्याद्रीला येणारे भाविक ज्या हॉटेलात थांबतात तिथेही तीच गत. जिम, अभ्यासिका, डॉक्टरांची वेटिंग रूम, ब्युटी पार्लर, मंगल कार्यालयाचं जेवणघर, गावातलं मंदिर आणि त्याचा सभामंडप. सप्ताह चालू असताना मंडपात कीर्तन पाहिजे, पण भटारखान्यात आचाऱ्याला एकमेकांचं बोलणंही ऐकू आलं पाहिजे. ही सगळी गिऱ्हाइकं आहेत. त्यांना "सिलेक्टर" हा शब्द माहीत नाही. "तिकडचा आवाज कमी करता येत नाही का हो?" एवढं ते विचारतात. तुम्हाला तो प्रश्न ऐकता आला पाहिजे.

कामगिरीला माणसंही इथे आहेत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडांच्या मागे साउंड सांभाळणारे, वायरी ओढणारे, रात्रीत मंच उभा करणारे कारागीर या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेल्ह्याजवळ बांगरवाडीला समर्थचं शैक्षणिक संकुल आहे, तिथून इंजिनिअरिंगची पोरं बाहेर पडतात. आणि पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा तर जवळपास प्रत्येक बाजारगावात आहे. तरीही डिप्लोमा झालेला पोरगा चाकण नाहीतर रांजणगावला कंत्राटावर जातो. जायला हरकत नाही, पण घरी बसून करण्यासारखं काही नव्हतं म्हणून जाऊ नका.

आता डबा उघडून बघू

हा भाग नीट वाचा, कारण इथेच चांगला कारागीर आणि अँप्लिफायर जाळणारा कारागीर वेगळे होतात.

बहुतेक घरगुती स्पीकर ८ ओहमचे असतात. अँप्लिफायरच्या मागे लिहिलेलं असतं, कमीत कमी ४ ओहम, नाहीतर ८ ओहम. स्पीकर एकमेकांना समांतर म्हणजे पॅरलल जोडत गेलं की ओहम कमी होतात. दोन स्पीकर, ४ ओहम. तीन, २.६७. चार, २ ओहम. ओहम कमी झाले की अँप्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो, तो तापतो, आणि शेवटी आउटपुटचा आयसी जातो. नुसते चार स्विच लावून डबा बनवणारा माणूस गिऱ्हाइकाला सांगतो, "चारही एकदम लावू नका हं." गिऱ्हाईक पहिल्या दिवाळीला चारही लावतं. अँप्लिफायर जातो, आणि बाजारात नाव तुमचं निघतं.

मग व्हॉल्युमचं काय? पुष्कळ जण इथे साधा कार्बनचा पॉट लावतात, रेडिओतला १०-के वाला. तो पाव वॅटचा असतो. स्पीकरच्या लाइनवर लावला तर आधी आवाज मरतो आणि मग वास येतो. स्पीकरच्या लाइनवर लागतो तो एल-पॅड. त्यात एकाच दांड्यावर दोन रेझिस्टन्स फिरतात, एक स्पीकरच्या सिरीजमध्ये, दुसरा स्पीकरला पॅरलल. एक वाढतो तेव्हा दुसरा कमी होतो, त्यामुळे अँप्लिफायरला कुठल्याही पोझिशनला ८ ओहमच दिसतात. उदाहरण घ्या. आवाज ६ डेसिबल खाली आणायचाय. सिरीजमध्ये ४ ओहम, पॅरललमध्ये ८ ओहम. ८ आणि ८ पॅरलल म्हणजे ४, त्यात सिरीजचे ४, बेरीज ८. बरोबर? कागदावर करून बघा, पाठ करू नका.

पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. त्या पोझिशनला स्पीकरपर्यंत पाव पॉवरच पोचते. बाकीची तीन चतुर्थांश एल-पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. अँप्लिफायर ४० वॅट पूर्ण ताकदीने ओतत असेल तर ३० वॅट एल-पॅड खातोय. गाण्यात सरासरी पॉवर पुष्कळ कमी असते म्हणून तो वाचतो, पण १५ वॅटचा एल-पॅड १०० वॅटच्या अँप्लिफायरवर लावायचा नाही. आणि डब्याला हवा खेळायला भोकं पाहिजेत. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात एल-पॅड कोंबू नका. पत्र्याचा डबा घ्या.

दुसरी गंमत. एल-पॅडने ८ ओहम कायम राहतात, म्हणजे चार खोल्यांचे चार एल-पॅड पॅरलल लावले तरी बेरीज २ ओहमच! एल-पॅडने आवाजाचा प्रश्न सुटला, लोडचा नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मी बघितलेल्या बहुतेक घरगुती डब्यांत इथेच घोळ असतो.

लोडचा प्रश्न सोडवायला तीन रस्ते आहेत. पहिला स्वस्त रस्ता म्हणजे अँप्लिफायर आणि स्विचच्या मधे २.५ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर. २ ओहमचे ४.५ झाले, अँप्लिफायर वाचला. पण हिशोब करा, ४.५ पैकी २.५ म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर त्या रेझिस्टरमध्येच जळते. तो ५ वॅटचा पांढरा सिमेंटवाला लावून भागत नाही. अॅल्युमिनियमच्या अंगाचा ५० वॅटचा घ्या आणि पत्र्याला घट्ट बसवा. शिवाय एकच खोली चालू असताना तो रेझिस्टर उगाच मधे येतो, म्हणून त्याला बायपास करणारा स्विच देतात. तो स्विच गिऱ्हाईक बरोबर चुकीच्या वेळी दाबतं.

दुसरा रस्ता, दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल. चार स्पीकरचे परत ८ ओहम. पण एक बंद केला की त्याचा जोडीदारही बंद. ते टाळायला स्विचच्या दुसऱ्या बाजूला ८ ओहमचा डमी रेझिस्टर ठेवायचा, म्हणजे स्पीकर बंद झाला की त्याच्या जागी डमी येतो. चालतं, पण वायरिंग किचकट होतं.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो. ऑटोफॉर्मरवाला व्हॉल्युम कंट्रोल. हा एक छोटा ट्रान्सफॉर्मरच असतो, एकाच वाइंडिंगला बरेच टॅप काढलेले, आणि नॉब फिरवला की टॅप बदलतो. उष्णता जवळजवळ नाही. वाइंडिंगच्या निम्म्यावर टॅप घेतला की स्पीकरला निम्मा व्होल्टेज मिळतो आणि अँप्लिफायरला ८ ओहमचा स्पीकर ३२ ओहमचा दिसतो. असे चार पॅरलल लावा, ८ ओहम. अँप्लिफायर निवांत. विकत मिळणाऱ्या चांगल्या कंट्रोलमध्ये दोन पट, चार पट, आठ पट अशी निवड करायला जंपर असतो. चार खोल्या असतील तर चार पटीवर ठेवायचा. महाग पडतं हे खरं. आपल्या रिवाइंडिंगवाल्या काकांना विचारून बघा, पण पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग आणि गाण्याचं वाइंडिंग यात कोअरचा फरक आहे. आधी एक नमुना करा, त्याच्यावर तबला आणि झांज दोन्ही ऐका, मग ऑर्डर घ्या.

मंदिर, शाळा, मोठं कार्यालय असेल तर हे सगळं विसरा आणि १०० व्होल्ट लाइनवर जा. आहुजासारख्या पीए अँप्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट असे टर्मिनल असतात. प्रत्येक स्पीकरमागे लाइन ट्रान्सफॉर्मर, आणि मग ओहमचा हिशोब करायचाच नाही, फक्त वॅटची बेरीज करायची. १० वॅटच्या टॅपवर आठ स्पीकर म्हणजे ८० वॅट. अँप्लिफायर १०० वॅटचा असला की पुरे. एकच लक्षात ठेवा, त्या लाइनवर पूर्ण आवाजात १०० व्होल्ट असतात. उघडी जोडणी ठेवायची नाही, आणि ८ ओहमचा नुसता स्पीकर त्या लाइनला चुकूनही जोडायचा नाही.

मायनस एकत्र करू नका

हे वेगळं सांगतोय, कारण हल्ली हेच सगळ्यात जास्त घडतं. जुन्या अँप्लिफायरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलचे मायनस आतून एकच असायचे, म्हणून जुने कारागीर डब्यात सगळे मायनस एका तारेला जोडायचे आणि फक्त प्लस स्विच करायचे. आज स्वस्तात मिळणारे जे क्लास-डी बोर्ड आहेत, त्यातल्या पुष्कळांचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. तिथे मायनसवरही सिग्नल असतो. दोन चॅनलचे मायनस जोडले की बोर्ड बंद पडतो, नाहीतर कायमचा जातो. म्हणून प्लस आणि मायनस दोन्ही तोडणारा स्विच लावा. एका स्पीकरला डीपीडीटी टॉगल, स्टिरिओ जोडीला चार पोलचा किंवा दोन डीपीडीटी. थोडे जास्त पैसे जातील, पण डबा कुठल्याही अँप्लिफायरला चालेल. तुम्ही विकून मोकळे झालात तरी गिऱ्हाईक उद्या अँप्लिफायर बदलणार आहे, हे धरूनच माल बनवायचा.

स्विचच्या करंटची चिंता फार नको. ८ ओहमवर ५० वॅट म्हणजे अडीच अँपिअर. पाच अँपिअरचा बरा टॉगल पुरतो. वायर मात्र बघा. हॉलपासून गोठा २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. १.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत साधारण अर्धा ओहम, ०.७५ च्या वायरीत जवळपास एक ओहम. गोठ्याला १.५ चीच ओढा. आणि हात जोडून सांगतो, स्पीकरच्या वायरीला घरातल्या बोर्डात बसणारी टू-पिन लावू नका. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे. कोणीतरी पाहुणा ती पिन २३० व्होल्टच्या सॉकेटात घालतो. स्पीकर जातो, वर आग लागायची भीती. स्पीकॉन लावा, नाहीतर स्क्रूचे बाइंडिंग पोस्ट.

देण्याआधी तपासणी. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, स्पीकर जोडा, सगळे स्विच चालू, आणि डब्याच्या अँप्लिफायरकडच्या टोकांवर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहा दाखवतो, घाबरू नका. पण सगळं चालू असताना ३ च्या खाली गेला तर ४ ओहमच्या अँप्लिफायरला तो डबा लावायचा नाही. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत परत बघा. ऑटोफॉर्मर असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, तिथे ही तपासणी लागू नाही; तिथे जंपरची पोझिशन डोळ्यांनी बघून लिहून ठेवा. मग डाव्या-उजव्या मायनसमध्ये मीटर धरा, काहीही दाखवता कामा नये. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून प्लस-मायनस बघा; प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. दहा मिनिटांचं काम आहे. कागदावर आकडे लिहून तारीख टाका आणि एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. आपल्या भागात असा कागद किती जण देतात, ते मला नका सांगायला लावू.

पैसा कुठे आहे

आता खरं बोलू. नुसत्या डब्यात फार पैसा नाही. ऑनलाइन तयार डबे मिळतात आणि किमतीत तुम्ही त्यांना हरवू शकणार नाही. हरवायला जाऊही नका.

हिशोब करू, आकडे समजून धरलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा. चार खोल्यांच्या डब्याचं सामान २,४०० रुपये. पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन आणलं, चक्कर ६०० ची, तीन डब्यांत वाटली, म्हणजे २००. तुमची एक दिवसाची मजुरी ८००. वॉरंटीत बदलून द्यायला लागेल त्यासाठी २०० बाजूला. झाले ३,६००. विकलात ४,५०० ला, उरले ९००. म्हणजे विक्रीच्या २० टक्के. जो मजुरी धरत नाही त्याला वाटतं आपण १,७०० कमावले. तोच माणूस वर्षाच्या शेवटी म्हणतो, "धंदा चालतो पण हातात काही राहत नाही." राहणार कसं? तुम्ही स्वतःला पगारच दिला नाही.

आता त्याच घराचं फिटिंग बघा. चार खोल्या, आठ स्पीकर पॉइंट, पॉइंटमागे ६०० रुपये म्हणजे ४,८००. दोघं जण दीड दिवस, तीन मजुरी, २,४००. उरले २,४००. वायर, स्पीकर, अँप्लिफायर यावरचं मार्जिन वेगळं. आणि ऑनलाइनवाला गोठ्यापर्यंत वायर ओढायला बेल्ह्याला येणार नाही! म्हणून माझं ठाम मत आहे की डबा हा तुमचा माल नाही, ती तुमची ओळख आहे. डबा बघून गिऱ्हाईक म्हणतं, याला कळतंय, याला घरात घ्यायला हरकत नाही.

एक आक्षेप मला दर वेळी येतो. "सर, ब्लूटूथ आणि वायफाय स्पीकर आल्यावर वायर कोण ओढतंय?" आक्षेप खोटा नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा, शहरातला तरुण वायर ओढणार नाही. तो तुमचा गिऱ्हाईक नाही, त्याच्या मागे लागू नका. पण मळ्यातल्या बंगल्याला जाड भिंती, गोठ्यावर पत्रा, शेडला लोखंड. ब्लूटूथ हॉलच्या बाहेर पडता पडता तुटतं. आणि साठीच्या माणसाला मोबाइलमधलं अॅप नको असतं, फिरवायला नॉब पाहिजे असतो. त्या नॉबखाली मराठीत लिहा. हॉल. ओटा. गोठा. चाळ. तयार डब्यावर ए, बी, सी, डी असतं आणि आजीला त्यातलं काही कळत नाही. ही मराठी पट्टी काही रुपयांत होते, आणि माझ्या मते तुमच्या डब्यातली सगळ्यात जास्त विकणारी वस्तू तीच आहे.

वॅटच्या मागेही लागू नका. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. साधा स्पीकर एक वॅटवर एका मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतो. म्हणजे खोलीत गाणी ऐकायला दोन वॅट भरपूर झाले. "हजार वॅट" असं लिहिलेला डबा मागणाऱ्याला हे ऐकवून दाखवा, भाषण देऊ नका. आमच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशा आकाशातला इतका बारीक सिग्नल पकडतात की ऐकून थक्क व्हाल. बारीक आवाज ऐकायचीही एक सवय असते.

कागदपत्रांत अडकून पडू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, कोणा एजंटला पैसे देऊ नका. नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या उलाढालीनंतर, पण तुम्ही फिटिंगही करणार, म्हणून २० लाखांची मर्यादा धरून चाला. मुद्रा कर्जाचा शिशु गट ५० हजारांपर्यंतचा आहे. हत्यारं, मीटर, सोल्डरिंग आणि पहिल्या पाच-सहा डब्यांचं सामान एवढ्यात बसवता येतं. डबा बंद पाकिटात दुकानात ठेवणार असाल तर पाकिटावर तुमचं नाव, पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापा.

विक्रीची सुरुवात कुठून करायची? बेल्ह्याचा सोमवारचा बाजार. बैलबाजाराला लांबून लांबून शेतकरी येतात, म्हणजे मळ्यात राहणारा नेमका तुमचा माणूस. एक टेबल, एक बॅटरी, एक छोटा अँप्लिफायर, चार जुने स्पीकर टेबलाच्या चार कोपऱ्यांना, आणि मधे डबा. गाणं हळू लावा. मोठ्याने लावाल तर लोक लांबून बघून जातील; हळू लावलं तर जवळ येऊन विचारतील. नॉबला त्यांनाच हात लावू द्या. पहिल्या सोमवारी विकायचं नाही, फक्त वहीत लिहायचं: नाव, मळा, किती खोल्या, गोठा किती लांब, आत्ता अँप्लिफायर कोणता आहे. त्याच्या मागे किती ओहम लिहिलंय त्याचा फोटो पाठवायला सांगा. फोटो पाठवणारा माणूस खरा गिऱ्हाईक. मंगळवारी सकाळी त्याच्याकडे टेप घेऊन जा, मोजा, तिथेच लेखी अंदाज द्या, आणि सामानापुरते पैसे आगाऊ घ्या. ओळखीचा आहे, मामांचा साडू आहे, तरी घ्या. उरलेले चारही नॉब फिरवून दाखवल्यावर.